मेंदूत रक्तस्राव झाल्यावर सुरुवातीलाच केलेली डॉपलर सोनोग्राफी: पुढचा धोका आधी कळतो का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आयसीयूच्या बाहेर बसलेली मंडळी आम्हा प्रोब धरणाऱ्यांना जे प्रश्न विचारतात तेच इथे घेतलेत. उत्तरं जरा मोकळेपणाने लिहिलीयत, काही लांबलीयत, चालवून घ्या.

आधी हे सांगा, कुठल्या रक्तस्रावाबद्दल बोलताय?

मुख्यतः सबअरॅक्नॉइड हॅमरेज, म्हणजे एसएएच. मेंदूभोवती पातळ आवरणं असतात, त्यांच्यामधल्या जागेत रक्त पसरतं. डोक्याला मार लागलेला नसेल तर साधारण ८५ टक्के पेशंटमध्ये कारण असतं अॅन्युरिझम, म्हणजे रक्तवाहिनीला आलेला फुगा, तो फुटतो. अचानक, आयुष्यात कधी नव्हतं असं डोकं दुखतं, उलटी होते, मान आखडते, काही जण जागेवरच बेशुद्ध पडतात.

मेंदूच्या आत होणारा रक्तस्राव, जो बऱ्याचदा बीपीमुळे होतो, तो वेगळा. त्याच्याबद्दल खाली एक प्रश्न घेतलाय. कमी दिवसांच्या बाळांची टाळूवरून करतात ती सोनोग्राफी हा तर पूर्ण निराळा विषय, तो इथे नाही.

फुगा बंद केला, कॉइलिंग (फुग्यात बारीक तार भरणं) झालं, ऑपरेशन नीट झालं असं डॉक्टर म्हणाले. मग आता कसली भीती?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि येणारच, कारण ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असं कुणालाही वाटतं. फुगा बंद केल्यामुळे परत फुटायचा धोका जवळजवळ जातो हे खरं, पण जे रक्त आधीच सांडलंय ते तिथेच असतं. ते हळूहळू विरघळतं आणि त्यातून जे पदार्थ सुटतात ते मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्यांना त्रास देतात, धमन्या आकसतात. यालाच व्हॅसोस्पाझम म्हणतात. हे पहिल्या दिवशी सहसा नसतं, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सुरू होतं, सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास जोरात असतं आणि दोन ते तीन आठवड्यांत ओसरतं.

त्याच काळात काही पेशंटमध्ये मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त कमी पडायला लागतं, त्याला डिलेड सेरेब्रल इस्केमिया म्हणजे डीसीआय म्हणतात. नवीन अशक्तपणा, बोलण्यात गडबड, किंवा शुद्धीचा स्कोअर म्हणजे जीसीएस किमान २ पॉइंटनी घसरणं आणि ते निदान तासभर टिकणं, आणि त्याला दुसरं कारण न सापडणं, अशी त्याची २०१० सालापासून वापरली जाणारी व्याख्या आहे. चांगला बोलत असलेला पेशंट आठव्या दिवशी अचानक हात उचलेनासा होतो तो यामुळे. म्हणून ऑपरेशन छान होऊनही दोन आठवडे आयसीयू सुटत नाही.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: दिवस मोजताना अॅडमिशनपासून मोजायचे नसतात, डोकं दुखायला लागलं त्या क्षणापासून मोजायचे असतात. कुणी चार दिवस घरी डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन मग आला असेल तर त्याचा अॅडमिशनचा पहिला दिवस हा खरा पाचवा दिवस असतो. त्यामुळे डोकं नेमकं कधी दुखलं हे डॉक्टरांना नीट सांगा, तारीख-वेळेसकट.

कवटी एवढी जाड, त्यातून सोनोग्राफी जाते कशी?

सगळीकडून जात नाही. पण कानाच्या पुढे, भुवईच्या टोकाच्या आणि कानाच्या मध्ये कानशिलाचं हाड पातळ असतं, तिथून जाते. त्याला आम्ही खिडकीच म्हणतो. १९८२ साली रूने आस्लिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी फ्रिक्वेन्सीचा, २ मेगाहर्ट्झचा पल्स्ड डॉपलर वापरून दाखवून दिलं की तिथून आतल्या धमन्यांमधल्या रक्ताचा वेग मोजता येतो. तेव्हापासून ट्रान्सक्रेनियल डॉपलर, म्हणजे टीसीडी, चालू आहे.

प्रत्यक्षात बघितलं तर साधं दिसतं. कानशिलावर जेल लावतात, पेनासारखा प्रोब टेकवतात आणि अगदी थोडा थोडा तिरका करत आवाज शोधतात. हो, आवाज, कारण स्क्रीनच्या आधी कानालाच कळतं, नाडीच्या ठोक्यासोबत हुश्श-हुश्श असं येतं. मग खोली बदलायची: ४५ ते ६५ मिलिमीटर आत मिडल सेरेब्रल धमनी असते, तिचं रक्त प्रोबच्या दिशेने येतं म्हणून आलेख रेषेच्या वर दिसतो. साधारण ६० ते ६५ला एकाच वेळी वर आणि खाली दोन्हीकडे आलेख दिसायला लागला की समजायचं फाटा लागला, खाली जाणारी ती अँटिरियर सेरेब्रल. तिथून परत बाहेरच्या बाजूला येत दर काही मिलिमीटरला आकडा घ्यायचा आणि सगळ्यात जास्त आलेला लिहायचा. मग दुसरी बाजू, मानेच्या मागून बॅसिलर (मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणारी धमनी), आणि जबड्याच्या कोनाखालून मानेतली कॅरॉटिड धमनी. शांत पेशंट असेल तर पटकन होतं, चुळबूळ करणारा असेल तर विचारू नका.

रिपोर्टमध्ये नुसते आकडे आहेत, त्यांचा अर्थ काय?

बोटाने पाइपाचं तोंड दाबलं की पाणी जोरात उडतं, धमनी आकसली की तिच्यातल्या रक्ताचा वेग तसाच वाढतो. टीसीडी रुंदी मोजत नाही, वेग मोजते, आणि रुंदीचा अंदाज त्यावरून बांधतात. हे डोक्यात पक्कं ठेवलं की बाकी सगळं सोपं जातं.

मिडल सेरेब्रलचा सरासरी वेग मोठ्या माणसात सेकंदाला साधारण ५५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. १२०च्या वर गेला की व्हॅसोस्पाझमची शंका घेतात, २००च्या वर गेला की गंभीर. मधली जी १२० ते २०० ची पट्टी आहे तीच डोकेदुखी आहे, १२०च्या खाली असेल तर बऱ्यापैकी निश्चिंत राहता येतं, २००च्या वर असेल तर कुणी वाद घालत नाही, मध्ये असेल तर बाकीचं सगळं चित्र बघावं लागतं.

कारण वेग आकसल्यामुळेच वाढतो असं नाही ना. ताप असेल, हिमोग्लोबिन उतरलं असेल, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला असेल, किंवा बीपी मुद्दाम वाढवून ठेवलं असेल तरी रक्त जोरात धावतं. हा फरक ओळखायला लिंडेगार्ड रेशो काढतात: मेंदूतल्या धमनीचा वेग भागिले त्याच बाजूच्या मानेतल्या इंटर्नल कॅरॉटिडचा वेग. समजा मिडल सेरेब्रलचा १३० आला. मानेत २८ असेल तर रेशो ४.६, म्हणजे वर अडचण आहे. पण मानेतच ५२ असेल तर रेशो २.५, म्हणजे सगळीकडेच रक्त जोरात चाललंय, धमनी बहुतेक आकसलेली नाही. ३च्या खाली असेल तर नुसता वाढलेला प्रवाह, ३ ते ६ सौम्य ते मध्यम स्पाझम, ६च्या वर गंभीर. तोच १३०, दोन पेशंटमध्ये दोन अर्थ. म्हणून नुसता वेग लिहिलेला आणि मानेचा आकडा नसलेला रिपोर्ट मला अर्धवट वाटतो, स्पष्टच सांगतो.

तिसरा आकडा पल्सॅटिलिटी इंडेक्स, पीआय. सिस्टोलिक (हृदय आकुंचन पावतं तेव्हाच्या) वेगातून डायस्टोलिक (हृदय सैल पडतं तेव्हाचा) वजा करायचा आणि सरासरीने भागायचं. साधारण ०.६ ते १.१ ठीक. समजा सिस्टोलिक ११० आणि डायस्टोलिक फक्त २०, तर सरासरी ५० आणि पीआय १.८. सरासरी बघितली तर नॉर्मल वाटते पण हृदय दोन ठोक्यांच्या मध्ये आराम करतं तेव्हा मेंदूत रक्त फारच कमी जातंय, हे डोक्यातलं प्रेशर वाढल्याचं लक्षण असू शकतं.

पहिली टेस्ट कधी करतात? स्पाझम तिसऱ्या दिवसानंतर येतो म्हणताय, मग पहिल्याच दिवशी कशाला?

जमल्यास पहिल्या २४ ते ४८ तासांत. कारण पुढच्या आकड्यांना तुलना करायला काहीतरी हवं. सत्तरीतल्या माणसाचा मूळ वेग ४० असेल आणि तिशीतल्याचा ७०, वयानुसार वेग कमी होत जातो. सहाव्या दिवशी दोघांचाही ११० आला तर तिशीतल्याचं दीडपटीच्या आसपास गेलंय आणि सत्तरीतल्याचं जवळजवळ तिप्पट, पण दोन्ही रिपोर्टवर १२०च्या खाली असंच दिसेल. पहिली टेस्ट नसेल तर हा फरक कळायला मार्गच नाही.

पुढे बऱ्याच ठिकाणी रोज किंवा एक दिवसाआड करतात, साधारण चौदाव्या दिवसापर्यंत. एका दिवसात वेग ५०पेक्षा जास्त वाढला तर आकडा अजून १२०च्या खाली असला तरी डॉक्टर सावध होतात.

बरं, पण सुरुवातीच्या टेस्टवरून पुढचं खरंच सांगता येतं का?

काही प्रमाणात येतं, पण लोकांना वाटतं तसं नाही.

पहिल्या एक-दोन दिवसांत तीन गोष्टी उपयोगी पडतात. एक, वेग सुरुवातीपासूनच चढा असेल आणि रेशोही वाढलेला असेल तर हा पेशंट रुळावरून आधीच घसरतोय, अशांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. दोन, पीआय जास्त आणि डायस्टोलिक वेग फारच कमी असेल तर त्याचा संबंध आकसण्याशी कमी आणि पहिल्या धक्क्यातच मेंदूला किती मार बसला, किती सूज आहे, पाणी साठतंय का याच्याशी जास्त असतो, आणि एकूण रिकव्हरीच्या दृष्टीने ती चांगली खूण नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते ती म्हणजे ऑटोरेग्युलेशन. बीपी वरखाली झालं तरी मेंदू आपल्या बारीक वाहिन्या उघडून-मिटून प्रवाह सारखा ठेवतो. एसएएचनंतर काही जणांत ही क्षमता पहिल्या दिवसांतच बिघडते, मोठ्या धमन्या आकसायच्याही आधी. टीसीडीने हे दोन प्रकारे बघतात: एक तर बीपी आणि वेग सोबत रेकॉर्ड करायचे आणि बीपी हललं की वेगही तसाच हलतो का ते पाहायचं, किंवा मानेतली कॅरॉटिड काही सेकंद दाबून सोडायची आणि सोडल्यावर वेग क्षणभर उसळतो का बघायचं. उसळला तर वाहिन्या जिवंतपणे प्रतिसाद देतायत, नाही उसळला तर बिघाड आहे. ज्यांचं सुरुवातीलाच बिघडलेलं असतं त्यांच्यात पुढे डीसीआय जास्त दिसतो. तर्कालाही धरून आहे, धमनी आकसल्यावर सांभाळून घेणारी यंत्रणाच आधी गेली असेल तर नुकसान होणारच. अर्थात मान दाबण्याचा प्रकार माहीतगार माणसानेच करायचा, कॅरॉटिडमध्ये चरबीचा थर असेल तर नाहीच करायचा, आणि नातेवाइकांनी घरी तर स्वप्नातही नाही.

आता आकड्यांत बोलायचं तर २०१६ मध्ये १७ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असं दिसलं की टीसीडीवर दिसलेला स्पाझम डीसीआय होणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांना पकडतो, पण ज्यांना तो दिसतो त्यांच्यापैकी सुमारे ५७ टक्क्यांनाच खरोखर डीसीआय होतो. स्पाझम दिसला नाही तर डीसीआय न होण्याची शक्यता ९२ टक्के. म्हणजे ही टेस्ट घाबरवण्यापेक्षा दिलासा द्यायला जास्त चांगली आहे असं माझं मत. आणि हे आकडे पुन्हा पुन्हा केलेल्या टेस्टचे आहेत, पहिल्या दिवशीच्या एकट्या टेस्टचे नाहीत, त्यामुळे पहिल्या रिपोर्टवरून कुणी ठामपणे भविष्य सांगत असेल तर फार मनावर घेऊ नका. सुरुवातीच्या सीटीवर किती जाड रक्त दिसतंय, म्हणजे फिशर ग्रेड, आणि पेशंट आला तेव्हा शुद्ध कशी होती, म्हणजे हंट-हेस किंवा डब्ल्यूएफएनएस ग्रेड, हे दोन्ही मिळून अजूनही जास्त सांगून जातं. टीसीडी त्यांच्या जोडीला.

वेग वाढला म्हणजे स्ट्रोक होणारच का?

नाही. अँजिओग्राफीत एसएएचच्या साधारण ७० टक्के पेशंटच्या धमन्या थोड्याफार आकसलेल्या दिसतात, पण त्रास होतो साधारण ३० टक्क्यांना. शेजारून येणारा रक्तपुरवठा चांगला असेल तर माणूस १८० वेगावरही गप्पा मारत बसलेला असतो.

उलटही खरंय. क्लॅझोसेंटॅन नावाच्या औषधाने स्पाझम चांगलाच कमी झाला, पण मोठ्या चाचण्यांमध्ये पेशंटच्या एकूण रिकव्हरीत अपेक्षित फरक पडला नाही. आणि निमोडिपिन नावाच्या गोळीने रिकव्हरी सुधारते पण अँजिओग्राफीत धमन्यांची रुंदी फारशी बदललेली दिसत नाही. म्हणजे आकसणं हा गोष्टीचा एक भाग, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होणं, मेंदूत पसरणाऱ्या विद्युत लाटा, पहिल्या तासांतली इजा हे सगळंही असतं आणि ते टीसीडीला दिसत नाही.

टीसीडी नॉर्मल म्हणाले, पण पेशंट कालपेक्षा झोपाळू वाटतोय. काय करू?

सिस्टरना सांगा. आत्ताच. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून गप्प बसू नका.

टीसीडी मोठ्या धमन्यांचा सुरुवातीचाच भाग बघते, पुढच्या फांद्यांमध्ये आकसलं असेल तर चुकू शकतं. शिवाय झोपाळूपणाची कारणं बरीच: मेंदूत पाणी साठणं म्हणजे हायड्रोसेफॅलस, सोडियम उतरणं (एसएएचमध्ये फार कॉमन), न दिसणारे फिट्स, ताप, इन्फेक्शन, झोपेची औषधं. अनेकदा सीटी आणि सोडियमच्या रिपोर्टमध्येच उत्तर सापडतं. जवळच्या माणसाला बदल आधी कळतो हे आम्ही कितीदा बघतो, "नेहमी डाव्या हाताने चष्मा सावरतात, आज सावरला नाही" एवढं वाक्य सुद्धा कामाचं असतं.

रिपोर्टवर "विंडो मिळाली नाही" लिहिलंय, मशिन खराब होतं का?

नाही हो. साधारण १० ते २० टक्के लोकांच्या कानशिलाचं हाड इतकं जाड किंवा दाट असतं की आवाजलहरी आत जातच नाहीत. वयस्कर बायकांमध्ये हे जास्त. अशा वेळी तपासणी करणारा कितीही हुशार असला तरी काही चालत नाही, मग सीटी अँजिओ (डाय देऊन धमन्यांचा सीटी), परफ्युजन स्कॅन (मेंदूच्या कुठल्या भागाला किती रक्त पोचतंय ते दाखवणारा) आणि तासातासाला पेशंट तपासणं यावरच भिस्त.

मग सरळ रोज सीटी अँजिओच का करत नाहीत?

दर वेळी रेडिएशन, दर वेळी डाय, किडनीवर ताण, आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला स्कॅनरपर्यंत न्यायचं म्हणजे चार माणसं आणि धाकधूक. टीसीडी बेडजवळ होते आणि हवी तितक्या वेळा करता येते. अचूकतेत सीटी अँजिओ पुढे आहे यात वाद नाही, म्हणून टीसीडीत काही दिसलं की खात्रीसाठी तिकडे जातात.

आकडा वाढल्यावर नक्की काय करतात?

आधी बेडजवळ येऊन पेशंट बघतात. पेशंट ठीक असेल तर बहुतेक वेळा तपासणी वाढवतात, शरीरातलं पाणी कमी पडू देत नाहीत, सोडियम आणि हिमोग्लोबिन बघतात. निमोडिपिन तर स्पाझम असो नसो सगळ्यांना चालू असतं, ६० मिलिग्रॅम दर ४ तासांनी, २१ दिवस, बीपी पडत असेल तर ३० मिलिग्रॅम दर २ तासांनी. रात्री तीन वाजता उठवून गोळी का देतात याचं उत्तर हे.

लक्षणं दिसली तर बीपी औषधाने मुद्दाम वाढवतात, अर्थात फुगा बंद झालेला असेल आणि हृदय झेपवत असेल तर. त्याने नाही भागलं तर अँजिओग्राफी करून धमनीत औषध सोडतात किंवा बलूनने रुंद करतात. पूर्वी सगळ्यांनाच भरपूर सलाइन, जास्त बीपी, पातळ रक्त अशी ट्रिपल एच थेरपी द्यायचे, आता ती मागे पडलीय, कारण जास्तीच्या सलाइनने फुप्फुसात पाणी व्हायला लागलं आणि फायदा दिसेना.

डोळ्यावर आणि छातीवर पण प्रोब फिरवला, तो कशाला?

डोळ्याची पापणी मिटून वरून हलकेच प्रोब ठेवतात आणि डोळ्याच्या गोलाच्या मागे ३ मिलिमीटरवर डोळ्याच्या नसेच्या आवरणाची रुंदी मोजतात. हे आवरण मेंदूच्या पाण्याशी जोडलेलं असतं, डोक्यात प्रेशर वाढलं की फुगतं. साधारण ५ ते ६ मिलिमीटरच्या वर गेलं की शंका घेतात. अंदाज म्हणून छान, पण डोक्यात नळी घालून मोजलेल्या प्रेशरची बरोबरी करत नाही.

छातीवरची एको हृदयासाठी. एसएएचच्या धक्क्याने शरीरात अॅड्रेनालिनसारखी रसायनं इतकी उसळतात की हृदयाचा पंप तात्पुरता ढिला पडतो, ज्याला ताकोत्सुबो म्हणतात. बहुतेकांत तो पूर्ववत होतो. पण आठव्या दिवशी बीपी वाढवायची वेळ आली तर हे हृदय साथ देईल का हे आधी माहीत असलेलं बरं, म्हणून सुरुवातीला एको.

आमच्या पेशंटला बीपीमुळे मेंदूच्या आत रक्तस्राव झालाय, त्यात पण उपयोग आहे का?

आहे, पण वेगळ्या कामासाठी. त्यात व्हॅसोस्पाझम हा मुख्य शत्रू नसतो, गुठळी वाढणं आणि सूज हे शत्रू. रंगीत चित्र देणाऱ्या प्रोबने मेंदूचा मधला भाग एका बाजूला किती सरकलाय हे बेडवरच मोजता येतं, दोन्ही कानशिलांपासून मेंदूच्या मधोमध असलेल्या तिसऱ्या पोकळीचं अंतर घ्यायचं आणि फरकाचं अर्धं करायचं. सोबत पीआय चढत चालला तर प्रेशर वाढतंय असं धरून लगेच सीटीला नेतात. पहिल्या निदानासाठी मात्र सीटीच, सोनोग्राफीवर रक्तस्राव आहे की नाही ठरवत बसायचं नसतं.

काल एकाने ९० सांगितला, आज दुसऱ्याने १२५. कोण चुकलं?

कदाचित कुणीच नाही, चोवीस तासांत खरंच वाढू शकतो. पण प्रोबचा कोन थोडा बदलला तरी वेग कमी दिसतो, त्यामुळे हे तंत्र हातावर अवलंबून आहे हे मान्यच करायला हवं. शक्यतो एकाच माणसाने, त्याच खोलीवर, आणि त्या वेळचं बीपी, हिमोग्लोबिन, व्हेंटिलेटरचा कार्बन डायऑक्साइड लिहून ठेवून करावी. डॉक्टरांना विचारायचंच असेल तर "आकडा किती" यापेक्षा "कालच्या तुलनेत काय, आणि मानेचा रेशो किती" हे विचारा.

याने काही अपाय होतो का?

कानशिलावरून केलेल्या टीसीडीने नाही, जेल पुसावं लागतं एवढंच. डोळ्यावरून करताना मशिनची पॉवर कमी करतात, हे करणाऱ्याला माहीत असतं.

घरी सोडल्यावर पण करत राहायची का?

स्पाझमसाठी सहसा गरज पडत नाही, तीन आठवड्यांनंतर तो काळ संपलेला असतो. पुढे फुगा नीट बंद राहिलाय का हे अँजिओग्राफीने बघतात, त्याच्या तारखा डिस्चार्ज कार्डवर असतात. आणि निमोडिपिनचे २१ दिवस पुरे व्हायच्या आत घरी सोडलं असेल तर उरलेल्या गोळ्या किती आणि कशा, हे निघायच्या आधी विचारून घ्या.